माशांचे नवे बिऱ्हाड

घरात काचेची टाकी मांडून मासे पाळावेत, हा छंद आता मुंबईच्या उपनगरांतही चांगलाच रुजला आहे. पूर्वी बहुतेक घरांतून गोड्या पाण्यातले सोनमासे आणि गप्पी एवढेच दिसत; आता नारिंगी अंगावर पांढरे पट्टे मिरवणारे क्लाऊनफिश आणि निळेजर्द डॅमसेल असे खाऱ्या पाण्यातले मासेही दिवाणखान्यात येऊन बसले आहेत. ज्याच्या घरी असे दोन-चार मासे वर्षभर नीट जगले, त्याच्या मनात पुढचा विचार ओघानेच येतो. दोन फुटांची टाकी लहान पडते. चार फुटांची आणावी आणि मासे तिच्यात सोडावेत. विचार उत्तम आहे. परंतु मोठी टाकी आली आणि त्याच पंधरवड्यात मासे दगावले, असेही पुष्कळदा घडते. मग ‘आम्हांला मासे लाभत नाहीत’ असे म्हणून टाकी माळ्यावर जाते. यात लाभण्या-न लाभण्याचा प्रश्न नाही. प्रश्न एका गैरसमजाचा आहे आणि तो दूर करावा एवढ्यासाठीच आम्ही हा विषय निवडला आहे.

तो गैरसमज असा. टाकीत आपल्याला मासे दिसतात. म्हणून मासे हलवले की बिऱ्हाड हलले असे आपण समजतो. वस्तुतः टाकीतील सर्वांत महत्त्वाचे रहिवासी डोळ्यांना दिसतच नाहीत. नव्या जागी त्यांची वस्ती आधी झाली तरच तेथे मासा जगतो.

पण त्याआधी, मोठी टाकी हवीच कशाला, हे पाहू. ‘मासा टाकीएवढाच वाढतो’ अशी एक समजूत सर्वत्र आहे. ती खरी नाही. अपुऱ्या जागेत व घाणेरड्या पाण्यात माशाची वाढ खुंटते, हे खरे. परंतु ते खुंटणे म्हणजे जागेशी जुळवून घेणे नव्हे, तो आजार आहे. क्लाऊनफिश फार तर 8 ते 11 सेंटिमीटरांपर्यंत वाढतो, त्याचे भागते. 2003 साली आलेल्या ‘फाइंडिंग नेमो’ या चित्रपटामुळे जो निळा सर्जनमासा घरोघरच्या मुलांच्या ओळखीचा झाला, त्याची गोष्ट वेगळी. दुकानात तो बोटाएवढा असतो, पण पूर्ण वाढला की 30 सेंटिमीटरांपर्यंत, म्हणजे एक फुटापर्यंत जातो. दोन फुटांच्या टाकीत एक फुटाच्या माशाला वळायलाही जागा नाही. मोठ्या टाकीचा दुसरा फायदा पाण्याच्या स्थिरतेचा. लोटाभर पाणी चटकन तापते आणि चटकन निवते, हंडाभर पाण्याला वेळ लागतो, तसेच घाणीचेही. एक मेलेला मासा 50 लिटर पाणी जितक्या वेगाने नासवील, तितक्या वेगाने 250 लिटर नासवणार नाही.

आता त्या अदृश्य रहिवाशांकडे वळू. मासा खातो, आणि त्या अन्नातील नत्राचा टाकाऊ भाग मुख्यतः कल्ल्यांवाटे अमोनियाच्या रूपाने पाण्यात सोडतो. समुद्रात हा अमोनिया अफाट पाण्यात विरून जातो. टाकीत तो साठतो, आणि तो माशाला विष आहे. यातही खाऱ्या पाण्याची एक खास अडचण आहे. पाण्यातील अमोनियाचा काही भाग विषारी रूपात असतो आणि काही बऱ्याच अंशी निरुपद्रवी रूपात. पाणी जितके अल्कधर्मी, तितका विषारी भाग अधिक. समुद्राच्या पाण्याचा पी.एच. 8.1 ते 8.3 असतो, गोड्या पाण्याच्या टाकीत तो पुष्कळदा 7 च्या आसपास राहतो. त्यामुळे तेवढ्याच अमोनियाचा विषारी भाग खाऱ्या पाण्यात दहा पटींहूनही अधिक भरतो. गोड्या पाण्यात खपून गेलेली हयगय खाऱ्या पाण्यात खपत नाही, याचे एक मोठे कारण हे आहे.

मग टाकीत मासे जगतात कसे? या कोड्याशी माणसे बरीच वर्षे झटत होती. लंडनमध्ये रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनशास्त्रज्ञाने 1850 साली मासे, पाणवनस्पती आणि गोगलगाई एकत्र ठेवून पाणी न बदलताही जीव जगवता येतात, असे दाखवले. 1853 साली तेथील प्राणिसंग्रहालयात लोकांसाठी मत्स्यगृह उघडले. 1854 साली फिलिप हेन्री गॉस याच्या पुस्तकाने ‘अ‍ॅक्वेरियम’ हा शब्द लोकांच्या तोंडी बसवला. वनस्पती हवा शुद्ध करतात, तशाच त्या पाणीही शुद्ध करतात, असा तेव्हाचा कयास होता. तो अर्धाच बरोबर होता. उरलेला अर्धा भाग 1890 च्या सुमारास विनोग्राडस्की या रशियन शास्त्रज्ञाच्या संशोधनातून उलगडला. काही सूक्ष्म जीवाणू अमोनियावरच आपली गुजराण करतात आणि त्याचे नायट्राइट करतात. दुसरे काही त्या नायट्राइटचे नायट्रेट करतात. नायट्रेट बरेच सौम्य. ते अधूनमधून थोडे पाणी बदलून काढून टाकता येते. आपल्या टाकीत रात्रंदिवस झाडलोट चालते ती या जीवाणूंच्या हातून.

हे जीवाणू राहतात कोठे, हा पुढचा आणि कळीचा प्रश्न. ‘जुने पाणी नव्या टाकीत ओतले की झाले’ असे सांगणारे पुष्कळ भेटतात. पण हे जीवाणू पाण्यात फारसे तरंगत नाहीत. ते दगडांच्या सच्छिद्र अंगावर, वाळूच्या कणांवर आणि फिल्टरच्या स्पंजात चिकटून राहतात. म्हणून जुने पाणी नेणाऱ्याने जुन्या टाकीची घाण नेली, झाडणारे मागेच ठेवले. त्यातच नवी टाकी, नवी वाळू, नवे दगड, नवा फिल्टर असा सगळा थाट केला, की पाणी आरशासारखे नितळ दिसते आणि दोन-तीन दिवसांत मासे वर येऊन धापा टाकू लागतात. नितळ पाणी म्हणजे शुद्ध पाणी नव्हे. अमोनियाला रंग नसतो.

यावर उपाय दोन. घरात दोन्ही टाक्यांना जागा असेल तर नवी टाकी मांडून, खारे पाणी भरून, फिल्टर चालू करून ती चार ते सहा आठवडे माशांवाचून ठेवावी. जुन्या टाकीतला एखादा दगड तिच्यात टाकावा आणि चिमूटभर माशांचे खाद्य कुजू द्यावे, म्हणजे जीवाणूंना भक्ष्य मिळेल. अमोनिया व नायट्राइट मोजण्याचे परीक्षण संच दुकानात मिळतात. प्रथम अमोनिया चढतो, मग उतरतो. नायट्राइट चढते, मग उतरते. दोन्ही शून्यावर आले की पाणी राहण्याजोगे झाले. दुसरा उपाय जागेच्या टंचाईतला. नाहूर-भांडुपच्या सदनिकांत जुनी टाकी उचलल्याशिवाय नवीला जागा होत नाही. अशा वेळी जुन्या टाकीतले सर्व दगड आणि फिल्टरचा जुना स्पंज, मासे हलवायच्या त्याच दिवशी, ओले ठेवून नव्या टाकीत न्यावेत. येथे एक शंका येईल : पाणी चौपट झाले, मग जीवाणू अपुरे पडणार नाहीत का? नाही पडत. जीवाणूंची संख्या पाण्याच्या मापावर ठरत नाही, ती माशांच्या अन्नावर ठरते. मासे तेच आणि खाद्य तेवढेच असले, तर झाडणारेही तेवढेच पुरतात. टाकी मोठी झाली म्हणून त्याच आठवड्यात चार नवे मासे आणले, तर मात्र ते अपुरे पडतात.

आता पाण्याविषयी. नाहूरच्या पूर्वेला ठाण्याची खाडी आहे. तेव्हा खारे पाणी दाराशीच असताना विकतचे क्षार कशाला, असे कोणी म्हणेल. ही खाडी मोलाची आहे. तेथे रोहित पक्षी उतरतात. 2015 साली तिचा काही भाग अभयारण्य म्हणून जाहीर झाला आणि 2022 साली तिला रामसर यादीत स्थान मिळाले. परंतु खाडीचे पाणी म्हणजे समुद्राचे पाणी नव्हे. भरती-ओहोटीला आणि पावसाळ्यात त्याची क्षारता खालीवर होते, त्यात गाळ असतो, शहराचे सांडपाणी असते. चिखलात उड्या मारणाऱ्या निवट्यांना ते मानवते. स्वच्छ समुद्रातील प्रवाळांच्या आसऱ्याने राहणाऱ्या माशांना मानवत नाही. मरीन ड्राइव्हवर 1951 साली सुरू झालेले आणि 2020 च्या साथीत बंद झालेले तारापोरवाला मत्स्यालय आपल्यापैकी अनेकांनी पाहिले असेल. तेथे समोरच्या समुद्राचे पाणी घेण्याची सोय होती. पण ते गाळण्याची व फिरवण्याची यंत्रसामग्रीही होती. बादलीने खाडीचे पाणी आणणाऱ्याजवळ ती नसते.

म्हणून घरी पाणी तयार करणे बरे. समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे 35 ग्रॅम क्षार असतात. त्यांपैकी सुमारे 85 टक्के म्हणजे आपले साधे मीठ. उरलेल्यात मॅग्नेशियम, गंधकाचे क्षार, कॅल्शियम, पोटॅशियम इत्यादी येतात. म्हणून स्वयंपाकघरातले मीठ चालत नाही; सागरी टाकीसाठी बनवलेले क्षारमिश्रणच घ्यावे. नळाचे पाणी क्लोरीन घालून येते. शुद्धीकरणाचे मोठे संकुल तर आपल्या शेजारी भांडुपलाच आहे. क्लोरीनमुळे आपली पोटे सुरक्षित राहतात, पण माशांचे कल्ले पोळतात आणि ते जीवाणूही मरतात. तेव्हा ते पाणी हवेच्या पंपाने दिवसभर घुसळावे, किंवा ‘हायपो’ घालून क्लोरीन नाहीसा करावा, किंवा आर.ओ. यंत्रातले घ्यावे. फिल्टरचा स्पंज नळाखाली धुणे हेही याच कारणाने वर्ज्य. तो टाकीतून काढलेल्या खाऱ्या पाण्यात पिळावा.

आकडा प्रत्यक्ष मांडून पाहू. दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच अशी टाकी 2 घनफुटांची, म्हणजे सुमारे 57 लिटरांची. चार फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच अशी टाकी 9 घनफुटांची, म्हणजे सुमारे 255 लिटरांची. फरक जवळजवळ 200 लिटरांचा. तेवढ्या पाण्याला सात-साडेसात किलो मिश्रण लागते. ते पिंपात, पाण्यात थोडे थोडे घालावे व लहान पंपाने एक दिवस ढवळत ठेवावे. ताजे कालवलेले पाणी माशाला झोंबते. क्षारता हायड्रोमीटरने मोजावी. विशिष्ट गुरुत्व 1.025 च्या आसपास असावे.

क्षारतेबद्दल इतका काटेकोरपणा का? समुद्रातील माशाच्या रक्तात सभोवतालच्या पाण्यापेक्षा क्षार कमी असतात. त्यामुळे त्याच्या अंगातील पाणी सतत बाहेर ओढले जाते. पाण्यात राहूनही तो तहानलेला असतो. तो समुद्राचे पाणी पितो आणि जादा क्षार मोठ्या कष्टाने कल्ल्यांवाटे बाहेर टाकतो. क्षारता एकाएकी चढली तर हा हिशेब कोलमडतो. जुन्या टाकीत पाणी उडून जाते, क्षार मागे राहतात. म्हणून तेथील क्षारता हळूहळू वाढलेली असू शकते. (कमी झालेले पाणी नेहमी गोड्या पाण्याने भरून काढावे, ते याचसाठी.) नव्या टाकीचे पाणी प्रथम जुन्याशी जुळते करावे, मासे स्थिरावल्यावर ते रोज थोडथोडे करून 1.025 वर आणावे. तपमानही एका अंशापेक्षा अधिक वेगळे नसावे.

टाकीच्या जागेचा विचार पाणी भरण्याआधी व्हावा, कारण भरलेली टाकी हलत नाही. 255 लिटर खारे पाणी म्हणजे सुमारे 260 किलो. काच, दगड, वाळू आणि बैठक धरून वजन 350 किलोंच्या घरात जाते. एका कोपऱ्यात पाच-सहा धट्टीकट्टी माणसे कायमची उभी आहेत असे समजा. राहत्या घराच्या जमिनीवर दर चौरस फुटाला सुमारे 19 किलो भार धरून आराखडा करतात. आपल्या टाकीच्या सहा चौरस फुटांखाली तो सुमारे 58 किलो पडतो. हा भार आजूबाजूच्या मोकळ्या जमिनीत वाटला जातो, म्हणून घाबरण्याचे कारण नाही; पण टाकी खोलीच्या मध्यावर न ठेवता तुळईच्या वर, भिंतीलगत ठेवावी. इमारत जुनी असेल, किंवा टाकी याहून मोठी असेल, तर स्थापत्य अभियंत्याला विचारावे. खिडकीचे ऊन टाळावे. मे महिन्यात आपल्याकडे खोलीत 32 अंश सहज होतात, माशांना 25 ते 28 अंश हवे असतात. आणि समुद्राच्या पाण्यात मुळातच प्राणवायू कमी मावतो. 25 अंशांना गोड्या पाण्यात लिटरमागे सुमारे 8 मिलिग्रॅम, तर समुद्राच्या पाण्यात पावणेसात. तपमान चढले की तो आणखी घटतो. पाण्यावर वारा घालणारा छोटा पंखा आणि वीज गेल्यावर चालणारा हवेचा पंप, या दोन वस्तू जवळ असाव्यात.

प्रत्यक्ष हलवण्याच्या दिवसाचा क्रम असा. आदल्या दिवशी माशांना उपास घडवावा, म्हणजे बादलीतले पाणी लवकर बिघडत नाही. प्रथम जुन्या टाकीतले स्वच्छ पाणी नळीने ओढून बादल्यांत घ्यावे. एक बादली माशांसाठी, एक दगडांसाठी. मग दगड काढावेत. पाणी वीतभर उरले की मासे धरावेत. दगडांमागे धावाधाव करून धरलेला मासा निम्मा अर्धमेला झालेला असतो. जाळीपेक्षा पारदर्शक डबा बरा, कारण सर्जनमाशाच्या शेपटीजवळचा काटा जाळीत अडकतो. माशांच्या बादलीत हवा सोडावी आणि वर झाकण ठेवावे; घाबरलेला मासा उडी मारतो. तळाची जुनी वाळू सगळीच्या सगळी नेण्याचा मोह टाळावा. खोल थरांत प्राणवायू नसतो, तेथे सडक्या अंड्यासारखा वास येणारा विषारी वायू साठतो, आणि वाळू ढवळली की तो पाण्यात येतो. वरच्या थरातली वाटीभर वाळू खाऱ्या पाण्यात खळबळून घेतली तरी पुष्कळ झाली. नव्या टाकीत आधी दगड, मग वाळू, मग पाणी, मग फिल्टर. पाण्याचा गढूळपणा बसला आणि तपमान व क्षारता जुळली, की शेवटी मासे. त्या रात्री टाकीचा दिवा लावू नये.

माशांच्या स्वभावाचाही थोडा विचार हवा. डॅमसेल हा एवढासा मासा, पण आपल्या दगडावरचा हक्क तो भाऊबंदकीच्या चुरशीने राखतो. नव्या टाकीत कोणाचाच हक्क रुजलेला नसतो. ही संधी साधावी. लपण्याच्या जागा माशांहून जास्त ठेवाव्यात, बुजऱ्या माशांना आधी सोडावे आणि दांडगोबांना तासा-दोन तासांनी. क्लाऊनफिशची जोडी फोडू नये. या माशांत सारे जण प्रथम नर असतात. त्यांच्यातला सर्वांत मोठा मादी होतो, आणि मादी गेली तर तिचा जोडीदार तिची जागा घेतो. ही उतरंड एकदा बसली की घर शांत राहते.

पुढचा महिना धीराचा. पहिले दोन आठवडे अमोनिया व नायट्राइट रोज मोजावे, खाद्य निम्मे घालावे, मासे वर येऊन धापा टाकताहेत का पाहावे. अमोनिया दिसला तर, आधीच तयार ठेवलेल्या खाऱ्या पाण्याने चौथा हिस्सा पाणी बदलावे. नवा मासा महिनाभर आणू नये.

शेवटी एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. मोठी टाकी पाहिली की ती प्रवाळांनी सजवावी असे वाटते. आपल्या देशात प्रवाळ आणि समुद्रघोडे यांना 2001 पासून वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे. आपल्या समुद्रातून काढलेला प्रवाळाचा तुकडा विकणे व घेणे हा गुन्हा आहे. चुनखडीचे किंवा भाजक्या मातीचे सच्छिद्र दगड जीवाणूंना तितकेच मानवतात. माशांचेही तसेच. निळा सर्जनमासा मुख्यतः समुद्रातूनच धरून आणला जातो. त्याची बंदिस्त पैदास फ्लोरिडातील संशोधकांना प्रथम साधली ती 2016 साली. क्लाऊनफिशची पैदास मात्र आता सुलभ झाली आहे. आपल्या खाडीच्या पलीकडे, ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रात, कांदळवन प्रतिष्ठानाने राष्ट्रीय मत्स्य आनुवंशिक संसाधन ब्यूरोच्या साहाय्याने शोभेच्या सागरी माशांचे उबवणी केंद्र उभारले आहे. अंड्यापासून टाकीतच वाढलेला मासा घेतला, तर समुद्रातला एक मासा समुद्रातच राहतो. शिवाय असा मासा टाकीला सरावलेला असल्याने टिकतोही चांगला. आणि काही कारणाने मासे ठेवणे जमेनासे झाले, तर ते खाडीत सोडू नयेत. ते तेथे बहुधा तडफडून मरतील. आणि त्यांच्याबरोबर आलेले रोग मात्र मागे राहतील. जाणत्या छांदिष्टाला ते देऊन टाकावेत.

मासा आपल्या घरी स्वतःच्या इच्छेने येत नाही, आणि पाणी बिघडले तर उठून दुसरीकडे जाऊही शकत नाही. म्हणून मोठी टाकी विकत घेण्याच्या आधी पिंपभर खारे पाणी, परीक्षण संच आणि महिनाभराची सवड एवढी तयारी घरात आहे की नाही ते पाहावे. असेल तर टाकी खुशाल आणावी. नसेल तर जुन्या टाकीतच, थोड्याच माशांना स्वच्छ पाण्यात ठेवावे. त्यातही छंदाला उणेपणा नाही.